शेवेच्या पुडीचं लेबल: स्क्रीनवर नीट, लेझरवर टिकलीएवढं

इतरांनाही कळावं म्हणून प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. विचारणारा इंदूरचा विद्यार्थी आहे. मामांचं राजवाड्याजवळ नमकीनचं दुकान आहे आणि त्यांच्यासाठी तो पायथन आणि क्यूटी (विंडो, चित्र, छपाई यांसाठीचं तयार कोड) वापरून लेबलचा प्रोग्रॅम लिहितो आहे. लेबल ५० बाय ३८ मिलिमीटरचं. वर मालाचं नाव देवनागरीत, मग वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, तळाशी बारकोड. हेच लेबल चार ठिकाणी हवं: प्रोग्रॅमच्या विंडोत, थर्मल लेबल प्रिंटरवर, लेझरवर ए-फोर स्टिकर शीटमध्ये आणि पीडीएफमध्ये. विंडोत सगळं छान दिसलं, लेझरवर तेच लेबल टिकलीएवढं आलं. मग त्याने स्क्रीनशॉट घेऊन तो ताणून छापला. माप जमलं, पण अक्षरं फाटली आणि बारकोड स्कॅन होईना. आता विचारतो आहे, ‘काका, प्रत्येक प्रिंटरसाठी चित्र काढणारं फंक्शन वेगळं लिहू का?’

नको लिहू. चार फंक्शनं लिहिलीस तर मामांनी एमआरपी जरा डावीकडे घ्यायला सांगितली की चार ठिकाणी बदलावं लागेल आणि त्यातलं एक नक्की राहून जाईल. चित्र काढणारं फंक्शन एकच ठेव. ते कागदाच्या मापात विचार करणारं हवं, स्क्रीनच्या नव्हे. माझं मुख्य म्हणणं एवढंच आहे. मात्र दोन-तीन जागा अशा आहेत की तिथे हा नियम पुरत नाही, आणि तुझा बारकोड नेमका त्यातलाच आहे.

आधी टिकलीचं कारण. विंडोत तू लेबल १८९ पिक्सेल रुंद काढलंस, कारण इंचाला ९६ पिक्सेल धरले की ५० मिमीचे तेवढे होतात. पण प्रिंटरला तुझे पिक्सेल म्हणजे त्याचे डॉट. लेझर इंचाला ६०० डॉट छापतो, म्हणजे १८९ डॉटचे झाले ८ मिमी. तोच आकडा २०३ डीपीआयच्या (म्हणजे इंचाला २०३ डॉटच्या) लेबल प्रिंटरवर साडेतेवीस मिमी होतो. क्यूटीचा पीडीएफ हाय रेझोल्यूशनमध्ये इंचाला १२०० धरतो, तिथे उरतात जेमतेम ४ मिमी. प्रिंटर बिघडलेला नाही, त्याला तू मापच दिलं नाहीस, नुसते ठिपके मोजून दिलेस.

हे दुखणं जुनं आहे आणि त्यावरचा उपायही जुना. १९८५ मध्ये विंडोज आलं तेव्हापासून त्यात ‘डिव्हाइस कॉन्टेक्स्ट’ आहे. स्क्रीन असो की प्रिंटर, रेषा काढायचा हुकूम तोच, फक्त हातात दिलेला कॉन्टेक्स्ट वेगळा. सोबत मॅपिंग मोड आहेत, त्यातल्या एकात एकक म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. प्रिंटरला पान समजावून सांगणाऱ्या पोस्टस्क्रिप्ट भाषेने एकक ठरवलं इंचाचा ७२वा भाग, आणि जावाचं प्रिंटिंगही तेच मानतं. डॉटनेटच्या प्रिंट पेजमध्ये ते इंचाचा शंभरावा भाग असतं. क्यूटीसारख्याच डब्ल्यूएक्सविजेट्समध्ये डीसी, जीटीकेच्या खाली कैरोचं ‘सरफेस’, तुझ्या क्यूटीत ‘पेंट डिव्हाइस’. नावं वेगळी असली तरी मांडणी सगळीकडे तीच: काय काढायचं ते एका बाजूला, कशावर काढायचं ते दुसऱ्या बाजूला.

क्यूटीत विजेट (विंडोतला भाग), क्यूइमेज (मेमरीतलं चित्र), क्यूप्रिंटर, पीडीएफ रायटर, एसव्हीजी जनरेटर ही सगळी पेंट डिव्हाइसच आहेत आणि चित्र काढणारा क्यूपेंटर यांपैकी कशावरही चालतो. म्हणून तुझं फंक्शन दोनच गोष्टी घेईल: पेंटर आणि लेबलचा मजकूर. आपण कुठे काढतोय हे त्याने विचारायचंच नाही. त्याला हाक मारणारे चार छोटे तुकडे मात्र आपापल्या उपकरणाला आडवा आणि उभा डीपीआय विचारून पेंटरचं स्केल लावतील. आडवा आणि उभा वेगळा विचार. कापड बाजारात कार्बनप्रतींची बिलं छापायला डॉट मॅट्रिक्स ठेवलेले असतात आणि त्यांच्यात दोन्ही दिशांचा डीपीआय बऱ्याचदा निराळा असतो. तिथे एकच आकडा धरलास तर वर्तुळाचं अंडं होतं.

एकक मी एक मिलिमीटर न ठेवता मिलिमीटरचा दहावा भाग ठेवेन, म्हणजे तुझं लेबल ५०० बाय ३८० एककांचं. याचं कारण फॉन्ट. पॉइंटमध्ये (इंचाच्या ७२व्या भागात) दिलेला फॉन्ट क्यूटी आधी उपकरणाच्या डीपीआयप्रमाणे मोठा करतो आणि मग तुझं स्केल त्याला पुन्हा मोठा करतं. लेझरवर दहा पॉइंटचं ‘रतलामी शेव’ पानभर पसरलं तर हेच झालेलं असतं. म्हणून फॉन्टचा आकार पॉइंटमध्ये न देता पिक्सेल साइझने द्यायचा. स्केल लावल्यावर ही ‘पिक्सेल साइझ’ तुझ्या एककात मोजली जाते. पण ती पूर्णांकच घेते. मिलिमीटर एकक असेल तर साडेतीन मिमीचं अक्षर मागताच येत नाही, दहाव्या भागात मात्र सरळ ३५ लिहिता येतं.

मिलिमीटरचा आग्रह धरायला अजून एक कारण आहे. वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ मध्ये पाकिटावरच्या अक्षरांची आणि आकड्यांची किमान उंची मिलिमीटरमध्येच दिलेली आहे. तपासनीस दुकानात पट्टी घेऊन येईल, पिक्सेल मोजायला नाही.

स्क्रीनवरच्या डीपीआयवर फार विसंबू नको. विंडोजचे ९६ हा सोयीसाठी ठरवलेला आकडा आहे, मॅकवर क्यूटी ७२ सांगतो आणि मॉनिटरच्या खऱ्या लांबीरुंदीशी दोन्हींचा फारसा संबंध नसतो. स्क्रीनवर ५० मिमीचं लेबल ५० मिमीच दिसावं हा हट्ट सोड. तिथे झूमची सोय दे, १०० टक्के, २०० टक्के. खरं माप कागदावर. बहुतेक जण उलटं करतात, कारण लिहिताना डोळ्यांसमोर स्क्रीन असते: आधी विंडोसाठी काढतात आणि मग ते कागदावर कसं न्यायचं याचा शोध घेत बसतात. लेबल, बिल, पत्रिका, नकाशा, ज्याचा शेवट कागदावर होणार ते कागदासाठीच काढावं आणि विंडोत त्याची झलक दाखवावी.

नव्या लॅपटॉपवर विंडोजचं स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के असतं. विजेटवर थेट काढलंस तर क्यूटी ६ ते स्वतः सांभाळतो. पण आधी पिक्समॅपवर (विंडोबाहेरच्या चित्रावर) काढून मग तो विंडोत चिकटवत असशील तर पिक्समॅप तेवढ्याच पटीने मोठा बनव आणि त्याचा डिव्हाइस पिक्सेल रेशो लाव, नाहीतर सगळं धूसर दिसेल.

आता अक्षरं. चारही ठिकाणी फॉन्ट एकच असून विंडोत एका ओळीत बसलेलं नाव कागदावर दोन ओळींत का जातं? स्क्रीनवर अक्षरं ठसठशीत दिसावीत म्हणून त्यांची रुंदी पूर्ण पिक्सेलला जुळवली जाते. एका अक्षरामागे अर्धा पिक्सेल इकडेतिकडे झाला तरी ‘उज्जैनी लौंग शेव’ संपेपर्यंत फरक दिसण्याएवढा होतो. ६०० डीपीआयवर ही ओढाताण जवळपास नसतेच. म्हणून दोन गोष्टी कर. फॉन्टचं हे जुळवणं, म्हणजे हिंटिंग, बंद कर. आणि ओळी कुठे तोडायच्या हा निर्णय चित्र काढताना घेऊ नको. मजकूर आला की कागदाच्या मापात एकदाच ओळी पाड, त्या साठवून ठेव आणि चित्र काढणाऱ्या फंक्शनला तयार ओळी व त्यांच्या जागा दे. रुंदी मोजायला दशांशात मोजणारं फॉन्ट मेट्रिक्स वापर, पूर्णांकी नको. शिवाय ओळीच्या शेवटी थोडी जागा सैल सोड, अगदी काठोकाठ बसवलेलं नाव कुठल्या ना कुठल्या प्रिंटरवर बाहेर जातंच.

देवनागरीत एक-एक अक्षर स्वतः पुढे सरकवत काढायचं नाही. जागेत बसवण्यासाठी नाव तोडून अक्षरागणिक काढणारं कोड मी पाहिलं आहे. इंग्रजीत ते खपतं, आपल्याकडे ‘कुर्मुरे’मधला रफार भलतीकडे पडतो आणि उकार सुटा होऊन ठिपक्यांच्या वर्तुळावर बसतो. अख्खी ओळ एकत्र दे, जोडाक्षरं लावायचं काम क्यूटीच्या आतला हार्फबझ करतो. उंची ठरवतानाही इंग्रजी मोठ्या अक्षराचा हिशेब धरू नको. शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार, आणि खाली ऊकार, ऋकार असतात. फॉन्टचा असेंट (वरचा भाग) आणि डिसेंट (खालचा भाग) दोन्ही धरून ओळीची उंची काढ, नाहीतर ‘मूंग’वरचा अनुस्वार वरच्या ओळीखाली झाकला जाईल.

लेबल प्रिंटरच्या पोटात त्याचे स्वतःचे फॉन्ट असतात आणि त्याला सरळ मजकूर पाठवला की तो झपाट्याने छापतो. पण त्यांत देवनागरी बहुधा नसते, असली तरी जोडाक्षरांचा भरवसा नाही. आपण चित्रच पाठवायचं.

आणि थर्मल प्रिंटर चित्र कसं छापतो ते समजून घे, कारण तुझी अर्धी कटकट तिथेच आहे. त्याच्या हेडवर ओळीने बारीक हीटर असतात, मिलिमीटरला ८. हीटर तापला तर तिथला ठिपका काळा, नाही तापला तर पांढरा. अधलं मधलं काही नाही. स्क्रीनवर अक्षराची कड गुळगुळीत दिसावी म्हणून आपण अँटीअलायझिंग लावतो, म्हणजे कडेला करडे पिक्सेल टाकतो. ते करडे पिक्सेल थर्मलकडे गेले की ड्रायव्हर त्यांचे विखुरलेले ठिपके करतो, मग अक्षराला भुरी आल्यासारखं दिसतं.

म्हणून थर्मलसाठी मी वेगळी वाट घेतो. ५० बाय ३८ मिमीला मिलिमीटरमागे ८, म्हणजे ४०० बाय ३०४ डॉटची क्यूइमेज बनव. तुझं तेच फंक्शन, तोच मजकूर, फक्त पेंटर या इमेजवर. मग ती काळ्या-पांढऱ्यात बदल. इथे एक खोच आहे: क्यूटी काळ्या-पांढऱ्यात बदलताना आपणहून ठिपके विखुरतो, तेव्हा थ्रेशोल्डचा (ठरावीक छटेहून गडद ते काळं, बाकी पांढरं) पर्याय स्पष्ट सांगावा लागतो. दुकानाच्या लोगोचं काय होतंय ते याच टप्प्यावर बघून घे. छायाचित्रासारखा लोगो थ्रेशोल्डमध्ये काळा गोळा होतो, त्यासाठी सपाट काळ्या रेषांचा निराळा लोगो करून ठेव. तयार इमेज प्रिंटरला एकास एक दे, ड्रायव्हरमध्ये लेबलचं माप ५० बाय ३८ लावलेलं हवं आणि ‘पानात बसवा’ बंद. प्रिव्ह्यूमध्येही हीच इमेज मोठी करून दाखव, म्हणजे कागदावर येणार तेच मामांना दिसेल. आणि फॉन्टची सडपातळ जात निवडू नकोस. २०३ डीपीआयवर बारीक टोकं एका डॉटची होतात आणि मध्येच तुटतात. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरीचं मिडियम किंवा बोल्ड वजन टिकतं.

आता बारकोड. स्क्रीनशॉट ताणल्यावर तो का मेला हे उघड आहे: १८९ पिक्सेलचं चित्र ६०० डीपीआयवर ११८१ डॉटवर पसरलं, पट्ट्यांच्या कडा विरघळल्या. पण मिलिमीटरमध्ये काढूनही तो थर्मलवर अडेल. ईएएन-१३ या दुकानातल्या मालावरच्या नेहमीच्या बारकोडमध्ये सगळ्यात बारीक पट्टीची ठरलेली रुंदी ०.३३ मिमी. थर्मलवर ती होते २.६४ डॉट. पाव-अर्धा डॉट नसतो, म्हणून काही पट्ट्या २ डॉटच्या होतील, काही ३च्या. स्कॅनर तर पट्ट्यांच्या रुंदीची आपसातली गुणोत्तरंच वाचतो, तीच बिघडली. डोळ्याला हे लेबल अगदी चांगलं दिसतं, म्हणूनच हा दोष शोधायला वेळ लागतो.

तेव्हा बारकोडपुरता नियम मोड. एवढ्या एका तुकड्याला उपकरणाचा डीपीआय कळू दे. त्याने ०.३३ मिमीच्या जवळचे पूर्ण डॉट निवडायचे आणि प्रत्येक पट्टी त्याच्या पटीतच काढायची. ईएएनची छपाई मूळ मापाच्या ८० ते २०० टक्क्यांत चालते. थर्मलवर २ डॉट म्हणजे ०.२५ मिमी, ते ८० टक्क्यांच्याही खाली जातं. ३ डॉट म्हणजे ०.३७५ मिमी, चालेल. पट्ट्यांची ९५ आणि दोन्ही बाजूंच्या रिकाम्या जागेची ११ व ७ मिळून ११३ मॉड्यूल (सगळ्यात बारीक पट्टीएवढे भाग) होतात. गुणिले ३, म्हणजे ३३९ डॉट, साडेबेचाळीस मिमीच्या आत. तुझ्या ४०० डॉटमध्ये नीट बसतं. लेझरवर त्याच हिशेबाने ८ डॉट निघतील. काढताना पेंटरची अवस्था साठवून ट्रान्सफॉर्म (लावलेलं स्केल) काढून टाक, डॉटमध्येच भरीव आयत काढ, मग अवस्था परत आण. पेनने जाड रेषा काढू नको, रेषेची अर्धी जाडी इकडे, अर्धी तिकडे जाते आणि पुन्हा अर्ध्या डॉटचा घोळ होतो. बाजूची रिकामी जागा सोडायला लोक कचरतात, तिथे भाव लिहिला तर किती छान बसेल असं वाटतं. लिहू नको.

चौकटीच्या रेषांना जाडी दे. क्यूटीत शून्य जाडीचा पेन म्हणजे कुठल्याही उपकरणावर एक पिक्सेल. विंडोत ती रेषा छान दिसते, लेझरवर ०.०४ मिमीची होते आणि जवळपास दिसत नाही. पाव मिमी जाडी ठेव, थर्मलवर बरोबर २ डॉट येतात.

रंगांबद्दल एकच. अक्षरांचा रंग विजेटच्या पॅलेटमधून घेऊ नको. मामांच्या भाच्याने लॅपटॉप डार्क थीमवर टाकला की अक्षरांचा रंग पांढरा होतो आणि पांढऱ्या कागदावर पांढरी एमआरपी छापली जाते. कागदावर काळा म्हणजे काळाच, स्पष्ट लिहून दे. सावल्या आणि अर्धपारदर्शक रंगही टाळ, प्रिंटरकडे जाताना त्यांची मोठी चित्रं बनतात आणि छपाई रेंगाळते.

ए-फोर स्टिकर शीटला कडांचा प्रश्न येतो. लेझरला कागदाच्या कडेपर्यंत छापता येत नाही, चारी बाजूंना काही मिलिमीटर सुटतात. मूळबिंदू कागदाच्या कोपऱ्यावर आहे की छापता येणाऱ्या भागाच्या कोपऱ्यावर, हे आधी ठरवून घे. क्यूप्रिंटरला फुल पेज सांगितलं की तो कागदाचा कोपरा धरतो. विंडोजच्या मूळ पद्धतीत सुटलेली जागा ‘फिजिकल ऑफसेट’ म्हणून विचारून वजा करावी लागते. एवढं करूनही ट्रेमधून कागद ओढला जाताना मिलिमीटरभर सरकतोच. सेटिंगमध्ये आडवं आणि उभं सरकवायचे दोन आकडे ठेव, मिलिमीटरमध्ये, ऋण चालणारे. आर.एन.टी. मार्गावरच्या कॉम्प्युटर मार्केटमधून मामा पुढच्या वर्षी दुसरा प्रिंटर घेऊन येतील, तेव्हा तुला फोन न करता त्यांनाच ते बदलता यायला हवेत.

अख्खं पान ६०० डीपीआयच्या चित्रात बनवून प्रिंटरला द्यायचा विचारही मनात येईल. ए-फोरचे होतात ४९६० बाय ७०१६ पिक्सेल, पिक्सेलमागे ४ बाइट धरले तर सुमारे १३९ एमबी, एका पानाला. लेझरला रेषा आणि अक्षरंच पाठव, चित्राची वाट थर्मलपुरती ठेव.

तुझ्या कोडमध्ये मला एक जागा खटकली. बॅच नंबर तू चित्र काढणाऱ्या फंक्शनमध्येच एकाने वाढवतोस आणि तारीखही तिथेच घेतोस. दुसरी विंडो वरून सरकली, लेबल पुन्हा उघडं पडलं, झूम बदललं की पेंट इव्हेंट (पुन्हा चित्र काढायचा निरोप) येणार. प्रिव्ह्यूही हेच फंक्शन बोलावणार. जावात तर एकाच पानासाठी प्रिंटचं फंक्शन एकापेक्षा जास्त वेळा बोलावलं जातं हे दस्तऐवजातच लिहिलेलं आहे. म्हणजे छापलेला बॅच नंबर स्क्रीनवरच्यापेक्षा वेगळा निघेल. फंक्शनने आलेलं काढायचं, बाकी काही बदलायचं नाही. नंबर आणि तारीख छापण्याचं बटण दाबल्यावर ठरव आणि तयार करून आत दे. विजेटवर पेंट इव्हेंटच्या बाहेर पेंटर उघडता येत नाही म्हणून तुला जो इशारा दिसत होता, त्याचंही हेच: डेटा बदल, अपडेट म्हण आणि परत ये, क्यूटी योग्य वेळी पेंट इव्हेंट पाठवेल. प्रिंटर आणि पीडीएफवर मात्र पेंटर तूच उघडायचा आणि तूच बंद करायचा. पायथनमध्ये ऑब्जेक्ट कधी जाईल याच्या भरवशावर राहू नको, पेंटर बंद करणारं एंड स्वतः लिही, नाहीतर पीडीएफची फाइल अर्धवट राहते आणि उघडत नाही.

हे सगळं बसवण्याआधी एक चाचणी कर. लेबलऐवजी फक्त १०० मिमीची एक आडवी आणि एक उभी रेषा काढणारं पान लेझरवर छाप आणि पट्टीने मोज. थर्मलवर ती बसणार नाही, तिथे ३० मिमीची काढ. शंभराऐवजी ९६-९७ भरले तर तुझा कोड तपासायच्या आधी प्रिंट डायलॉगमध्ये ‘फिट टू पेज’ बघ. एकच दिशा चुकली असेल तर तू आडवा-उभा डीपीआय वेगळा घेतलेला नाहीस.

राहिला पीडीएफ. तो पॅकिंगवाल्याला व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणूनच पाठव. त्याचा स्क्रीनशॉट काढून फोटो म्हणून पाठवलास तर व्हॉट्सअॅप तो दाबून लहान करतं आणि बारकोड पुन्हा गेला. पॅकिंगवाला तोच पीडीएफ स्वतःच्या लेबल प्रिंटरवर छापणार असेल तर त्याच्या प्रिंटरचा डीपीआय विचारून घे. तो ३०० असेल तर बारीक पट्टी ४ डॉटची येते, ०.३३९ मिमी, आणि त्या मापाचा पीडीएफ त्याला निराळा काढून द्यावा लागेल.